सुशीच्या काउंटरवर पहिल्यांदा जाताना : सांगलीतून निघण्याआधीची तयारी

२०२४ च्या नोव्हेंबरमध्ये भाऊबीज उरकली आणि मी नि माझा भागीदार टोकियोला निघालो. निमित्त धंद्याचं. तिथे जिमटॉफ हे मशीन टूलचं मोठं प्रदर्शन भरतं, आणि कुपवाड एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. माझा भाचा योकोहामाला असतो. तो म्हणाला, "मामा, एवढ्या लांब येताय तर एक दिवस चांगल्या सुशीच्या काउंटरवर जेवू." सुशी म्हणजे पुण्याच्या मॉलमध्ये मिळतो तो भाताचा रोल, एवढंच मला माहीत होतं. मी हो म्हणून बसलो.

त्या एका जेवणात आमच्यातला एकजण उपाशी राहिला, त्याच्या जागेचे पूर्ण पैसे गेले, आणि मला मात्र जन्मभर लक्षात राहील असं जेवण मिळालं. आता इकडून कोणी प्रदर्शनाला किंवा पोराकडे जपानला निघालं की मला फोन करून विचारतं. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो.

आधी ही जागा कशी असते ते सांगतो. आठ-दहा खुर्च्या, समोर लाकडाची एक लांब फळी, फळीपलीकडे सुरी घेऊन उभा असलेला एक माणूस. मेन्यू कार्ड नाही. "ओमाकासे" म्हणजे "तुमच्यावर सोपवलं". त्या दिवशी बाजारात जे चांगलं मिळालं ते तो ठरवेल त्या क्रमाने एकेक करून तुमच्यापुढे येतं. आपल्या पंगतीत वाढपी ठरवतो तसंच, फक्त इथे आचारी आणि वाढपी एकच.

१. आपल्याला झेपेल का ते आधी ठरवा

माळकरी, जैन किंवा कडक शाकाहारी असाल तर तिकडे जाऊ नका. "भात तर शाकाहारीच ना" असं मनाला समजावू नका. सुप, अंड्याचे पदार्थ, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यात "दाशी" नावाचा अर्क असतो, आणि तो बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून काढलेला असतो. अशांसाठी जपानमध्ये "शोजिन र्‍योरी" आहे. ते बौद्ध मठातलं जेवण. त्यात मांस-मासे तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. आपल्या चातुर्मास पाळणाऱ्या आजीला चाललं असतं. तरी दाशी कशाचा आहे ते तिथेही विचारून घ्या.

गरोदर बायका, नुकतं मोठं आजारपण झालेले, प्रतिकारशक्तीची औषधं चालू असलेले, यांनी कच्चा मासा टाळावा. बाकीच्यांनी आधी पुण्या-मुंबईत एकदा साधी सुशी खाऊन बघावी. तोंडात गेल्यावर पोटात ढवळतं की नाही, हे बारा हजार रुपये मोजून टोकियोत कळण्यापेक्षा इथे कळलेलं बरं.

बारा हजार का म्हणालो? आमचा दर माणशी २२,००० येन होता, पेयं वेगळी. तेव्हाच्या भावाने येन पंचावन्न पैशांच्या आसपास होता. रात्रीच्या जेवणाला नावाजलेल्या ठिकाणी ३०-४० हजार येनही लागतात. दुपारी बऱ्याच दुकानांत निम्म्या पैशांत भागतं आणि हात तोच असतो. पहिल्यांदा जाणाऱ्याने दुपारच बघावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

२. बुकिंगच्या आधी कालनिर्णय उघडा

हसू नका. आमचं सगळं इथेच फसलं.

माझा भागीदार दत्तभक्त. दर गुरुवारी औदुंबरला जातो आणि गुरुवारी मांस-मासे म्हणजे नावही नाही. पंचवीस वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खातोय, तरी बुकिंग करताना माझ्या डोक्यात आलं नाही की ७ नोव्हेंबर हा गुरुवार आहे. त्यालाही आठवलं नाही. त्याला वाटलं परदेशात आहोत, वारांचा हिशोब कुठे ठेवतोय. त्या दिवशी दुपारी प्रदर्शनात चहा पिताना त्याने मोबाइलवर तारीख बघितली आणि एकदम गप्प झाला.

दुकानाला फोन केला. भाच्याने जपानीत गयावया केली. ते म्हणाले, त्याच्या जागी दुसरं कोणी येणार असेल तर चालेल, रद्द केलं तर पूर्ण पैसे. दोन तासांत दुसरं कोण येणार? भागीदार हॉटेलवरच राहिला आणि घरून आणलेलं भडंग खाऊन झोपला. २२,००० येन त्याच्या नावावर गेले ते गेलेच.

तेव्हा गुरुवार, शनिवार, संकष्टी, एकादशी, श्रावण, ज्याचं जे असेल ते आधी विचारून घ्या. आणि तिकडचे वारही बघा. टोकियोचा माशांचा घाऊक बाजार २०१८ पासून त्सुकिजीहून तोयोसूला गेला आहे. तो रविवारी आणि बऱ्याचदा बुधवारीही बंद असतो. त्यामुळे बरीच सुशीची दुकानंही तेच वार बंद ठेवतात.

३. जागा मिळवणं

दहा खुर्च्यांचं दुकान म्हणजे जागा भरायला वेळ लागत नाही. जायचे तीन मार्ग आहेत. टेबलचेक किंवा ताबेलॉगसारख्या साइटवरून इंग्रजीत बुकिंग करता येतं. चांगल्या हॉटेलात उतरणार असाल तर तिथल्या काउंटरला ई-मेल करून सांगता येतं. किंवा तिथे राहणारं कोणीतरी जपानीत फोन करतं. काही दुकानं ओळखीशिवाय नवा माणूस घेतच नाहीत. त्यांच्या मागे लागू नका.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. बरीच दुकानं महिन्याच्या पहिल्या तारखेला पुढच्या महिन्याच्या जागा खुल्या करतात. तिकडचे सकाळचे दहा म्हणजे सांगलीत साडेसहा. मी चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसलो होतो. शुक्रवारच्या तीन जागा समोर दिसत होत्या. कार्डाचा नंबर टाकला, आणि व्यवहार नाकारला.

कारण साधं होतं. आपल्या बँकांच्या कार्डावर परदेशातला आणि ऑनलाइन वापर आपण ॲपमध्ये जाऊन चालू करेपर्यंत बंद असतो. ते बटण शोधून, मर्यादा वाढवून, ओटीपी येईपर्यंत शुक्रवार गेला. उरला गुरुवार. मी घाईत तो पकडला. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

म्हणून हे आदल्या दिवशीच करून ठेवा. कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू, मर्यादा पुरेशी, आणि ओटीपी येणारं सिम हातातल्या फोनमध्ये. जपानला गेल्यावर तेच सिम रोमिंगवर चालू ठेवायला लागतं, नाहीतर ओटीपी विश्रामबागेतल्या घरातल्या ड्रॉवरमध्ये येत राहतो.

बुकिंगच्या वेळीच आणखी एक काम करा. काय चालत नाही ते लिहा. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी, दारू नको, गोमांस नको. सुशीच्या दुकानात गोमांस सहसा नसतं, पण मधल्या एखाद्या पदार्थात येऊ शकतं. तिथे बसल्यावर सांगितलं तर त्या माणसाकडे पर्याय नसतो. त्याने सकाळी बाजारात माणसं मोजून मासे घेतलेले असतात. लहान मुलं बरोबर असतील तर तेही आधी विचारा, बरीच दुकानं घेत नाहीत.

४. बरोबर काय हवं

- बुकिंगचा ई-मेल छापून, त्यावर दुकानाचं नाव आणि पत्ता जपानी लिपीत
- पासपोर्ट (परदेशी माणसाला तो तिथे कायम जवळ ठेवावाच लागतो)
- ज्या कार्डावरून बुकिंग केलं तेच कार्ड, आणि शिवाय रोख येन. काही जुनी दुकानं कार्ड घेत नाहीत
- जे चालत नाही त्याची जपानीत लिहिलेली चिठ्ठी
- भोक नसलेले मोजे. काही ठिकाणी बूट बाहेर काढावे लागतात

काय न्यायचं नाही : अत्तर, परफ्यूम, वासाचं तेल. माशाचा आणि भाताचा वास इतका हलका असतो की शेजाऱ्याच्या अत्तराने सगळ्या काउंटरचं जेवण बिघडतं. आणि पिशवीतली शेंगदाण्याची चटणी पिशवीतच राहू द्या.

५. पोहोचणं

टोकियोतल्या गिंझासारख्या स्टेशनला बाहेर पडायचे इतके दरवाजे आहेत की चुकीच्या बाजूने निघालात तर पंधरा मिनिटं सहज जातात. ए, बी, सी असे गट आणि पुढे आकडे. दुकान रस्त्यावर दिसेलच असंही नाही. कित्येकदा ते इमारतीच्या तळघरात किंवा चौथ्या-पाचव्या मजल्यावर असतं, आणि पाटी वहीच्या पानाएवढी, तीही जपानीत. शक्य असेल तर दिवसा एकदा जाऊन बघून या.

बऱ्याच ठिकाणी सगळ्यांचं जेवण एकदम सुरू होतं. तुम्ही उशिरा आलात तर बाकीचे सात-आठ लोक तुमच्यासाठी ताटकळतात, किंवा तुमचे पहिले पदार्थ हुकतात. फार लवकरही जाऊ नका, आत उभं राहायला जागा नसते. पाच मिनिटं आधी बरोबर.

६. बसल्यावर

गरम ओला रुमाल मिळतो. तो हात पुसायला. दिवसभर प्रदर्शनात फिरल्यावर तोंड आणि मान पुसायचा मोह होतो, मला झालाच होता. भाच्याने कोपराने ढोसलं.

समोरची फळी बहुतेक हिनोकी नावाच्या लाकडाची असते, पॉलिश नसलेली, रोज घासून स्वच्छ केलेली. तिच्यावर घड्याळ, मोबाइल, किल्ल्या, कडं काही ठेवू नका. आमच्या धंद्यात सरफेस प्लेटवर, म्हणजे माप तपासायच्या सपाट लादीवर, कोणी पाना ठेवला तर मी ओरडतो, तीच गोष्ट. घड्याळ काढून खिशात टाकलेलं उत्तम.

पाणी हवं तर "ओमिझु", चहा हवा तर "ओचा". चहाला सहसा पैसे पडत नाहीत. दारू घ्यायलाच हवी असं काही नाही. मी चहावर बसलो, कोणी भुवई उंचावली नाही.

७. खाणं

सुरुवातीला दोन-चार छोटे पदार्थ येतात, मग सुशी, म्हणजे भाताच्या घासावर माशाचा काप. सुरुवात हलक्या पांढऱ्या माशांनी, मग चवीचे आणि तेलकट, शेवटाकडे "आनागो" म्हणजे शिजवलेला समुद्री वाम आणि गोडसर अंड्याचा तुकडा. हिवाळ्यात "शिराको" आलं तर ते कॉड माशाच्या नराचं वीर्य असतं. मऊ, पांढरं, मेंदूसारखं दिसणारं. मी खाऊन झाल्यावर विचारलं. तुम्ही आधी विचारायचं की नंतर ते तुमचं तुम्ही ठरवा.

एक तुकडा कसा होतो ते नीट बघा, कारण पैसे त्याचेच आहेत. डाव्या हाताच्या बोटांवर मासा, उजव्या हाताने लाकडी भांड्यातून भात. त्या माणसाने भात उचलला, मुठीत क्षणभर तोलला आणि पाच-सहा दाणे परत भांड्यात टाकले. न बघता. दरवेळी नाही, चारातून एखाद्या वेळी. मी लेथवर आयुष्य काढलेला माणूस, हाताच्या अंदाजाने मायक्रॉन पकडणारे दोन-तीन कारागीर माझ्या डोळ्यांसमोर आले. मग दोन बोटांनी एक दाब, फिरवून दुसरा, आणि तुकडा समोर. भात गार नसतो, अंगाइतका कोमट असतो. व्हिनेगर आणि मीठ लावलेला. खाली ठेवल्यावर तो डोळ्यांदेखत किंचित खाली बसतो, कारण आत हवा राखलेली असते.

आणि म्हणूनच तो लगेच खायचा. मी तिसऱ्या तुकड्याचा फोटो काढायला गेलो. एक उभा, एक आडवा, मग उजेड नीट नाही म्हणून आणखी एक. भाचा हळूच म्हणाला, "मामा, तव्यावरची भाकरी हातात पडल्यावर तुम्ही फोटो काढता का?" तोवर भात गार होऊन घट्ट झाला होता. पुढचा तुकडा खाल्ल्यावर फरक कळला. फोटो हवाच असेल तर बसल्याबसल्या "शाशिन ई देस का" असं विचारून घ्या आणि एकच काढा. फ्लॅश नाही, व्हिडिओ नाही, दुसऱ्या गिऱ्हाइकांचे चेहरे नाहीत.

हाताने खाल्लं तरी चालतं. चालतं काय, मूळ तसंच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, ही सुशी गाड्यांवर विकली जायची आणि लोक उभ्याउभ्या हाताने खायचे, भेळेच्या गाड्यावर खातात तसं. फार पूर्वीची सुशी वेगळीच होती, मासा भातात महिनोन्‌महिने आंबवलेला. तेव्हा चॉपस्टिकच्या काड्या जमत नाहीत म्हणून लाजू नका. एक घास, अख्खा तोंडात. अर्धा तोडून उरलेला खाली ठेवला की तो विस्कटतोच.

डावखुऱ्यांसाठी : भाचा डावरा आहे. त्याने पहिला तुकडा डाव्या हाताने उचलला, आणि दुसऱ्यापासून त्याच्यापुढचे सगळे तुकडे उलट्या कोनात यायला लागले. कोणी काही बोललं नाही.

सोया सॉस शोधू नका. चांगल्या काउंटरवर माशावर सोयाची पातळ कल्हई ब्रशने आधीच फिरवलेली असते. एखाद्या ठिकाणी वाटी दिलीच तर मासा बुडवा, भात नाही. भात सॉस पितो आणि सुटतो. वासाबी, म्हणजे तो झणझणीत हिरवा लगदा, तोही बहुधा आतच असतो. तिखटाचं आपल्याला काय सांगता, असं मीही म्हणालो होतो. तो जिभेला लागतच नाही, सरळ नाकात चढतो, ताज्या वाटलेल्या मोहरीसारखा, आणि तितक्याच पटकन उतरतो. आपल्याकडे ट्यूबमध्ये मिळणारा हिरवा गोळा बहुतेक हॉर्सरॅडिश नावाच्या दुसऱ्याच मुळाचा असतो, त्यावरून अंदाज बांधू नका. नकोच असेल तर "साबीनुकी" म्हणा. आलं दोन तुकड्यांच्या मध्ये तोंड साफ करायला असतं, लोणच्यासारखं तुकड्यावर घालून खायचं नसतं.

माझा सगळ्यात आवडता मासा सगळ्यात स्वस्त निघाला. "कोहादा", चांदीसारख्या कातडीचा, छोटा, काट्यांचा. आधी मीठ, मग व्हिनेगर, आणि किती मिनिटं ते माशाच्या आकारावर, चरबीवर आणि त्या दिवसाच्या हवेवर ठरतं. आमच्याकडे लोखंड तापवून करतात त्या हीट ट्रीटमेंटसारखं. थोडं कमी झालं तर कच्चा, थोडं जास्त तर आंबट ढोण. जाणकार लोक दुकान पारखतात ते यावरून, असं भाचा म्हणाला. ट्यूनाचं कौतुक सगळीकडे ऐकाल. २०१९ च्या वर्षारंभीच्या लिलावात तोयोसूला २७८ किलोचा एक मासा ३३ कोटी ३६ लाख येनला गेला होता. पोटाकडचा "ओतोरो" लोण्यासारखा वितळतो खरा, पण मला त्याचाच लाल भाग "आकामी" जास्त भावला.

समुद्रशेवाळाचा रोल कधीकधी तो माणूस थेट तुमच्या हातात देतो. हातातच घ्या, ताटलीत ठेवू नका. शेवाळ मिनिटभरात मऊ पडतं. पापड वरणात बुडाल्यावर काय होतं ते माहीत आहेच.

काड्या वापरणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. भातात उभ्या खोचू नका, आणि एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नका. पहिलं मेलेल्यांच्या पानाला करतात, दुसरं अस्थी उचलताना. आपल्याकडे भाताच्या पिंडाशी कोणी जेवताना खेळेल का?

पोट भरत आलं तर गप्प बसून ओढत राहू नका. "शारी सुकुनामे" म्हटलं की भात कमी येतो.

८. बिल

शेवटी विचारतात, आणखी काही हवंय का. हा आग्रह नव्हे. इथून पुढचा प्रत्येक तुकडा वेगळ्या पैशांचा. आपल्या सवयीने "बरं, एक एक होऊ दे" म्हणालात तर बिल चढतं. मी कोहादा आणखी एक घेतला आणि थांबलो.

बिल मागताना "ओकाइकेई ओनेगाई शिमास". "ओआइसो" हा शब्द ऐकलेला असेल, पण तो दुकानातल्या लोकांच्या तोंडचा, गिऱ्हाइकाने वापरायचा नाही. दहा टक्के कर दरात धरलेला आहे का, आणि काही ठिकाणी लागणारा सेवा आकार आहे का, ते बुकिंगच्या पानावर आधीच बघा. टीप द्यायची नाही. टेबलावर नोट ठेवून निघालात तर मागून धावत येऊन परत देतील. निघताना "गोचिसोसामा देश्ता" म्हणा, ते पुरतं. बिल झाल्यावर गप्पा मारत बसू नका, पुढची पाळी बाहेर उभी असते.

९. परत आल्यावर

हे लिहायलाच हवं, कारण मला स्वतःला खुमखुमी आली होती. रत्नागिरीहून आंबा घाट चढून बर्फात आलेला मासा आपल्याकडे कालवणाला आणि तळायला उत्तम आहे. कच्चा खायला नाही. कच्चा खायच्या माशातले जंत मारायला तो उणे २० अंशांवर सात दिवस ठेवावा लागतो, आणि घरचा फ्रीज तेवढा थंड राहीलच असं नाही. कृष्णेतला मासा तर कच्चा कधीच नको, गोड्या पाण्यातल्या माशांत वेगळेच जंत असतात.

भात मात्र जमतो. आखूड, चिकट तांदूळ, तांदळाचं व्हिनेगर, मीठ, थोडी साखर, आणि आत काकडीची उभी फाक. टोकियोत याला "काप्पामाकी" म्हणतात आणि मोठ्या काउंटरवरही शेवटी कधीकधी देतात. भागीदाराला मी हेच करून डब्यात नेतो. पहिल्यांदा नेलं तेव्हा त्याने आधी वार विचारला.